हे सहज दिसते

ओस्टरहाफेन,
३ मे १९९८

प्रिय गुरुबंधू फोल्कमार यास,
राइनहिल्डचा सप्रेम नमस्कार.

तुझं आमंत्रण पोचलं. जाड छापील कार्ड, वर विद्यापीठाची मुद्रा आणि खाली तुझ्या हातची एक ओळ: माझ्या सत्तरीच्या समारंभात मुख्य भाषण तू करावंस अशी इच्छा आहे. अक्षर अजून तसंच, उजवीकडे पळत सुटलेलं.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण त्यांची मला सवय झाली आहे. बाजारात पांढऱ्या शतावरीचे कोंब आले आहेत. एकटीपुरती उकडते आणि वर वितळलेलं लोणी ओतते. डॉक्टरांनी लोणी बंद करायला सांगितल्यापासून जरा जास्तच ओतते. समोरच्या बाल्कनीतला कुत्रा दुपारी झोपू देत नाही, आणि मी त्याच्या मालकिणीशी आठवड्यातून एकदा भांडते. निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो असं लोक म्हणतात. माझा नाही उठत. मला काम आहे.

आधी वाटलं, चूक झाली असेल, दुसऱ्या कुणाचं कार्ड माझ्या पाकिटात आलं असेल. मग लक्षात आलं की प्रबंध लिहून घेणाऱ्या आपल्या डॉक्टर-बापाच्या पोरांपैकी आता उरलंय कोण? हार्टविग गेला, लोथार गेला, म्हातारा टिलेनिउस स्वतः तर कधीच गेला. तू आणि मी, दोघंच राहिलो. बहिणीने भावाचं कौतुक करायचं, फोटो काढायचे, आणि पाहणाऱ्याने म्हणायचं की बघा, घराणं कसं एक आहे. हे तुला छान सुचलं. तुला नेहमीच छान सुचायचं.

तर येते. भाषण करते.

तुझं चरित्र माझ्याइतकं कुणाला पाठ आहे? गिरणीवाल्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी गणवेश चढवला आणि युद्ध संपल्यावर दुसऱ्याच्या कोटात परत आलास. हाल्बेनाउच्या गणित संस्थेत शेगडी फक्त ग्रंथालयात होती, म्हणून तू ग्रंथालयात राहायचास, आणि सगळ्यांना वाटायचं की हा फार अभ्यासू आहे. सगळ्यांनी तसं समजल्यावर तू खरंच अभ्यासू झालास. हे मी सांगणार आहे, हसतील लोक. मग टिलेनिउसच्या हाताखाली डॉक्टरेट, मग विद्यापीठात शिकवण्याचा हक्क देणारी परीक्षा, मग आपल्याच संस्थेतली ती एकुलती एक कायमची जागा, मग सत्तर साली तुझ्या आडनावाचं ड्रेसेल-प्रमेय. त्यानंतर मानाची पदकं, अकादमी, आणि देशभर पसरलेले तुझे शिष्य. पृष्ठभागांवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडलं की तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात तुझं नाव येतंच.

माझं चरित्र थोडक्यात आटपतं. हाल्बेनाउला जमलं नाही. दहा वर्षं इंजिनिअर होणाऱ्या पोरांना समीकरणं सोडवायला शिकवली. मग दुसऱ्या विषयात नव्याने प्रबंध लिहिला, आणि पन्नाशीला इथे प्राध्यापक झाले, जिथे आपणहून कुणी येत नाही. वारा फार आहे. मासे मात्र ताजे मिळतात.

भाषणाच्या शेवटी थोडं गणितही बोलेन म्हणते. नुसतं कौतुक म्हणजे नुसतंच क्रीम, खाली केक नको का?

इर्मेलाला नमस्कार सांग. तुझी बायको म्हणून नाही, मला ती आवडते म्हणून.

कळावे,
तुझी गुरुभगिनी
राइनहिल्ड


ओस्टरहाफेन,
१९ जुलै १९९८

प्रिय फोल्कमार,
नमस्कार.

समारंभाची जमवाजमव करणारा तुझा तो शिष्य हाउके मला तीनदा पत्र पाठवून विचारतोय की गणिताच्या भागाचं शीर्षक काय छापू. मुलगा सभ्य आहे. आणि आता तुझंही पत्र आलं. हवापाणी, इर्मेलाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि शेवटी सहज आठवल्यासारखं एक वाक्य: जुन्या गोष्टी उकरून काढण्यात अर्थ नसतो, नाही का राइनहिल्ड?

नाही का म्हणे. तुला घाम फुटला आहे हे मला इथे समुद्रावर बसून कळतंय. चल, मग उकरतेच.

सदुसष्ट सालचा सप्टेंबर. माझं त्याच परीक्षेचं, विद्याशाखेच्या प्राध्यापकांपुढचं व्याख्यान सोमवारी होतं, आणि रविवारी दुपारी तू माझ्या खोलीवर आलास. मी आलुबुखारांचा केक केला होता. तू एकट्याने अर्धा संपवलास आणि म्हणालास, म्हण पाहू व्याख्यान, मी विद्याशाखा आहे असं समज. मी खिडकीच्या काचेवर साबणाने लिहून तुला सगळं म्हणून दाखवलं. काठ नसलेले, चेंडूसारखे बंद पृष्ठभाग. त्यांची एक मालिका घ्यायची, एकातून पुढचा निघणारी, आणि दाखवायचं की ती मालिका अखेर एका ठिकाणी येऊन थांबते. ते थांबणं हेच माझं प्रमेय होतं.

एका पायरीपाशी मी अडले. तुला म्हणाले, "फोल्कमार, इथे मला भीती वाटते. उद्या कुणी इथे बोट ठेवलं तर मला पटकन सांगता येणार नाही."

तू बोटाला लागलेली साखर चाटलीस आणि म्हणालास, "अगं वेडे, हे तर सहज दिसतं." आणि काचेवर दोन रेघा ओढून मला दाखवलंस की ते का खरं आहे. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी तुझा गालगुच्चा घेतला होता, आठवतंय? माझं वय छत्तीस होतं आणि मी लहान मुलीसारखी आनंदले होते. त्या वेळी मला आणखीही काही वाटत होतं तुझ्याबद्दल. ते आता कुठे जाऊन सांगू? ते एकदा होतं एवढंच लिहिते आणि पुढे जाते.

सोमवारी व्याख्यान संपलं. आपली रीत तुला माहीत आहे. व्याख्यान रंगलेलं असो की फसलेलं, लोक टाळ्यांऐवजी मुठीने बाकं वाजवतातच. ज्याने अर्धा तास भिंतीकडे तोंड करून पुटपुटत काढला त्याच्याही वाट्याला थोडी टकटक येते. सुरुवात करायचा मान म्हाताऱ्याचा. पण टिलेनिउसला ऐकू येत नव्हतं, आणि माझं काम त्याच्या डोक्यावरून जात होतं. म्हणून तो तुझ्या हातांकडे पाहत होता. तुझे हात कोटाच्या खिशात होते.

मग एक हात बाहेर आला आणि वर गेला. तू म्हणालास, "फ्राउलाइन डॉक्टर, ही मालिका थांबते हे तुम्ही कशावरून म्हणता?"

तुम्ही. ज्या बाईच्या हातचा अर्धा केक आदल्या दिवशी पोटात गेला तिला तुम्ही आणि कुमारी डॉक्टर. तुझ्या त्या दोन रेघा मला आठवल्याच नाहीत. तुझ्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि तू फळ्याकडे पाहत राहिलास. सगळ्यांना वाटलं की माझ्या सिद्धतेत भोक आहे. एकही बाक वाजलं नाही. माझ्या खडूचा तुकडा खाली पडला तो सगळ्यांनी ऐकला. बाहेर दालनात उभं राहून निकाल ऐकला, आणि ती एकुलती एक जागा तुला मिळाली. दोन रेघा मला घरी पोचल्यावर आठवल्या, काचेवर त्या तशाच होत्या. पण मत पडल्यावर विद्याशाखा कुणाचं ऐकत नाही. मी काच पुसली, प्रबंध बांधून टाकला आणि तो विषयच सोडला.

तू म्हणशील, यात नवीन काय? बरोबर आहे. नवीन आता सांगते.

ड्रेसेल-प्रमेय मी कधी वाचलं नव्हतं. शिकवलं नाही, वापरलं नाही. लोकांना वाटायचं की ते माझं क्षेत्र नाही, आणि मी वाटू द्यायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वाचायला घेतलं. प्रेमाने नाही, जळफळाटाने. जळणाऱ्या माणसाइतकं बारकाईने कुणी वाचत नाही, हे तुझ्या शिष्यांना सांगून ठेव.

तुझे पृष्ठभाग काठ असलेले आहेत, ताटलीसारखे. त्यांची मालिका घेतली आहेस, माझ्यासारखीच. आणि जिथे ती थांबते असं म्हणायची वेळ आली तिथे तू लिहिलं आहेस: "हे सहज दिसते."

फोल्कमार, मी खुर्चीत हसले. मग रडले. मग कागद घेतला. माझ्या पृष्ठभागांना काठ नव्हता, म्हणून तुझ्या त्या दोन रेघांनी काम भागत होतं. तुझ्या पृष्ठभागांना काठ आहे. काठावरून मालिका निसटते. ती कशी निसटते याचं उदाहरण माझ्याकडे तयार आहे, शाळेतल्या पोरालाही समजेल असं. तुझ्या प्रमेयाच्या मधोमध भोक आहे. त्यावर लोकांनी मजले चढवले आहेत, आणि कुणी खाली वाकून पाहिलं नाही, कारण तू लिहिलं होतंस आणि तू म्हणजे ड्रेसेल.

मी हे एखाद्या नियतकालिकाकडे पाठवू शकत होते. पण तिथे ते छापून येईल आणि तू ते अभ्यासिकेत दार लावून वाचशील. मला ते नको आहे. मला तेच सभागृह हवं आहे, तीच बाकं, आणि पहिल्या रांगेत तू.

आजारी पडायला तुझ्याकडे दोन महिने आहेत. समारंभ रद्दही करू शकतोस. मग का रद्द केला असं लोक विचारतील, आणि मी खोटं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे.

हाउकेला शीर्षक कळवलं आहे: "ड्रेसेल-प्रमेयातील एका पायरीविषयी". साधंच आहे.

इर्मेलाच्या डोळ्याला लवकर आराम पडो.

राइनहिल्ड


ओस्टरहाफेन,
२७ सप्टेंबर १९९८

फोल्कमार,

आज निवडणूक, त्यामुळे सकाळीच मतदान करून आले. कुत्र्याची मालकीण माझ्या पुढे उभी होती आणि मला पाहून तिने नमस्कार केला, म्हणजे आता भांडायलाही कुणी राहिलं नाही. घरी आले तर तुझं पत्र. टपाल कालचं होतं, मी काल पेटीच उघडली नव्हती. ते दोनदा वाचलं. उत्तर देते, पण माझ्या क्रमाने देते.

समारंभाच्या आधी इर्मेलाने मला फोन केला होता हे तुला माहीत आहे का? बहुतेक नसावं. म्हणाली, तो जेवत नाही, रोज अभ्यासिकेत कोंडून घेतो, कागदांचा ढीग लावतो आणि फाडून टाकतो. रागावली नव्हती. तिने मला सरळ विचारलं, "राइनहिल्ड, तुला हवंय तरी काय?" मी म्हणाले, "बाकं." तिला काही कळलं नाही. बिचारी म्हणाली, कसली बाकं, बसायची? मी फोन ठेवून दिला. तिच्याशी मी वाईट वागले.

मला खात्री होती की तू येणार नाहीस. ताप, सर्दी, अचानक परदेशातलं व्याख्यान. पण तू पहिल्या रांगेत होतास, नवा सूट, आणि गळ्याजवळ सैल झालेला. किती बारीक झाला आहेस. मला ते पाहून बरं वाटलं, मग नाही वाटलं.

तुझी स्तुती करताना तोंड कडू होईल असा माझा अंदाज होता. झालं नाही, याचा मला अजून राग आहे. गिरणी सांगितली, शेगडी सांगितली, लोक हसले, तूही हसलास. तू शिकवायचास कसं तेही सांगितलं. ते खरंच होतं, मी त्यात काही घातलं नाही.

मग फळ्याकडे वळले. तुझं प्रमेय लिहिलं, मालिका लिहिली, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे सहज दिसते. म्हणाले, "मंडळी, मला दिसलं नाही." आणि उदाहरण मांडलं. काठ, आणि काठावरून निसटणारी मालिका.

शेवटची ओळ लिहून खडू ठेवला. हाउके उठला, चेहरा पांढराफटक, आणि मला विचारलं की मग प्रमेय खोटं आहे का. मी म्हणाले, "ते प्रोफेसर ड्रेसेल सांगतील." सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. एवढ्या क्षणासाठी मी तुझं आमंत्रण स्वीकारलं होतं. आता तू फ्राउलाइन डॉक्टर झालास, असं मी मनात म्हटलं.

आणि तू काय केलंस? खिशातून दोन्ही हात काढलेस आणि बाक वाजवायला लागलास.

एकटा. म्हाताऱ्या बोटांच्या गाठींनी, हळू, पण थांबला नाहीस. मग हाउके. मग तुझे शिष्य, मग मागच्या रांगा, आणि मग ते सभागृह असं दणाणलं की फळ्याच्या कडेची खडूची पूड उडाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं असं मी ठरवलं आहे आणि त्यात बदल होणार नाही. त्या एका सोमवारी तुझ्या बोटांना हे जमलं असतं तर आपल्या दोघांची आयुष्यं वेगळी झाली असती. त्या दिवशी ते फुकट होतं. गेल्या आठवड्यात त्यासाठी तुला तुझं प्रमेय मोजावं लागलं. तू हिशोब चुकता केलास, पण उशीर केलास, आणि वर मला मनासारखं जिंकूही दिलं नाहीस. सगळे म्हणत होते, बघा ड्रेसेल किती मोठ्या मनाचा.

नंतर कॉफीच्या वेळी तू आलुबुखाराच्या केकची बशी घेऊन माझ्याकडे आलास. इर्मेलाने केला होता ना? हळूच विचारलंस, "राइनहिल्ड, दुरुस्त होतं का ते?" मी म्हणाले, "होतं." तू म्हणालास, "कसं?" मी तोंडात घास घेतला आणि सावकाश चावत राहिले. माझा मुलखाचा आडमुठेपणा तुला पूर्वीपासूनच माहीत आहे. तू उभा राहिलास, मग गेलास.

आता तुझं पत्र. तू लिहितोस की उन्हाळाभर झगडलास, काठाला ताणून पाहिलंस, दाबून पाहिलंस, मालिका काही थांबत नाही. तू लिहितोस की दुरुस्ती सांग, दोघांच्या नावाने छापू. आणि तू लिहितोस, अगदी शेवटी, बारीक अक्षरात: त्या रविवारी खिडकीची काच पाहिली तेव्हाच मला कळलं की तू माझ्यापेक्षा चांगली आहेस, आणि मी घाबरलो.

हे वाक्य मी किती वर्षं ऐकू पाहत होते ते तुला सांगणार नाही. तेवढी खुशी मी तुला देणार नाही. ते कात्रीने कापून स्वयंपाकघरात खिडकीला चिकटवलं आहे. तुझ्या पत्राला आता भोक आहे.

क्षमा मी करत नाही. करता येते असं पाद्री म्हणतात, पण त्यांना कधी कुणी तुम्ही म्हणून प्रश्न विचारला नसावा. दोघांच्या नावाने छापायचंही नाही. मला तुझ्या नावाशेजारची जागा नको आहे. मला माझी जागा हवी आहे, जी तू एका प्रश्नाने काढून घेतलीस.

तरी दुरुस्ती देते. उपकार म्हणून देत नाही, हे पुढे वाचशील तेव्हा कळेल.

पहिली पायरी. काठाला ताणू नकोस, दाबूही नकोस. तुझ्या प्रत्येक ताटलीची तशीच दुसरी प्रत घे, आणि दोघी काठाकाठाने एकमेकींना शिव, जशी आपल्या आया उशीचा अभ्रा शिवायच्या. शिवणीवर सुरकुती राहते, ती कशी घालवायची ते तुला येतं, तेवढा तू गणिती आहेस.

दुसरी पायरी. आता काठ उरलेला नाही. जे हातात आहे ते बंद आहे, चेंडूसारखं. तुझा प्रश्न आता काठ नसलेल्या पृष्ठभागांचा झाला आहे. आणि अशा पृष्ठभागांची मालिका थांबते, हे एका बाईने पूर्वी सिद्ध केलं होतं. तो प्रबंध तुमच्याच विद्याशाखेच्या तळघरात असेल, नाकारलेल्यांच्या कपाटात. किल्ली तुमच्या कचेरीत मागावी लागते, आणि कशासाठी हवी ते सांगावं लागतं. तू स्वतः जा. हाउकेला पाठवू नकोस. धूळ झाड, दोरी सोड, सावकाश वाच.

मग ड्रेसेल-प्रमेयाची दुरुस्ती तुझ्या हाताने लिही, तुझ्या उजवीकडे पळणाऱ्या अक्षरात, आणि तुझ्या नावाने छाप. ते प्रमेय उभं राहील, काळजी करू नकोस. पण ते कशावर उभं आहे हे लिहिल्याशिवाय तुला तिसऱ्या पायरीवरून पुढे जाता येणार नाही. तिथे कोणाचं नाव येतं आणि तो प्रबंध कुणी, कधी, कोणत्या प्रश्नावरून नाकारला, हे तुला तळटीपेत द्यावं लागेल. इतकी वर्षं तो छापला का गेला नाही, हे कुणीतरी विचारणारच.

तिसरी पायरी मी लिहीत नाही. ती तू लिहायची आहेस.

इर्मेलाला सांग, केक छान झाला होता, दालचिनी थोडी जास्त होती. फोन ठेवून दिला त्याबद्दल मी तिची माफी मागते. तिची, तुझी नाही.

कळावे. लोभ असावा असं म्हणायची रीत आहे, ती मी पाळत नाही. काय असावं ते तुला सहज दिसतं.

राइनहिल्ड